वीस ते तीस जानेवारी १९४८ : गांधीहत्येआधीचे दहा दिवस आणि प्रांतांच्या हद्दीत अडकलेला तपास

महात्मा गांधींचा मारेकरी शोधावा लागला नाही. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी तो जागच्या जागीच पकडला गेला, नाव विचारल्यावर त्याने नावही सांगितलं. त्यामुळे खुनानंतरची शोधाशोध झाली ती मुख्यतः त्याच्या साथीदारांची. पण खरी शोधमोहीम त्याआधीची आहे. २० जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट झाला, एक माणूस हाती लागला आणि तिथून पुढचे दहा दिवस दिल्ली आणि मुंबई या दोन ठिकाणचे पोलीस त्याच्या साथीदारांच्या मागावर होते. हे साथीदार पुणे आणि नगरचे. मराठी बोलणारे, मराठी वर्तमानपत्र चालवणारे. अपयश आलं ते या दहा दिवसांच्या शोधाला. त्याची हकिकत लाल किल्ल्यातल्या खटल्यात आणि पुढे न्या. जीवनलाल कपूर आयोगाच्या अहवालात तपशिलाने नोंदलेली आहे, तरी आपल्याकडे बोलताना सगळे थेट तीन गोळ्यांवर येतात.

स्फोट आणि पहिला धागा

मंगळवार, २० जानेवारी. पाच दिवसांचं उपोषण १८ तारखेला सुटलं होतं. गांधीजी इतके अशक्त होते की त्यांना प्रार्थनेच्या जागी खुर्चीवरून आणावं लागलं. प्रार्थनासभा चालू असताना मागच्या भिंतीजवळ गनकॉटनचा, म्हणजे कापसापासून बनवलेल्या स्फोटकाचा, मोठा आवाज झाला. माणूस कुणी दगावला नाही. गांधीजींनी लोकांना शांत बसवलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. तिथे असलेल्या सुलोचनादेवी नावाच्या बाईने स्फोट करणाऱ्याला पाहिलं होतं. तिने दाखवून दिल्यावर मदनलाल पाहवा हा तरुण पकडला गेला. त्याच्या अंगावर एक जिवंत हातबॉम्ब सापडला.

मदनलाल पंजाबातल्या पाकपट्टणचा निर्वासित. फाळणीत घरदार गेलेला. तो फिरत फिरत मुंबईला आणि तिथून अहमदनगरला पोचला होता. नगरमध्ये त्याला आसरा मिळाला तो विष्णू करकरे यांचा. करकरे हे डेक्कन गेस्ट हाऊसचे मालक, हिंदू महासभेचे कार्यकर्ते आणि नगरपालिकेचे सदस्यही.

त्या दिवशी बिर्ला भवनात मदनलाल एकटा नव्हता. एकूण सात जण होते : नथुराम गोडसे, त्यांचे धाकटे भाऊ गोपाळ, नारायण आपटे, विष्णू करकरे, मदनलाल, पुण्यात ‘शस्त्र भांडार’ चालवणारे दिगंबर बडगे आणि त्यांचा नोकर शंकर किस्तय्या. बेत असा होता की स्फोटाने गोंधळ उडाला की बडगे यांनी व्यासपीठामागच्या नोकरांच्या खोलीत शिरून जाळीच्या खिडकीतून गोळी झाडायची आणि बाकीच्यांनी हातबॉम्ब टाकायचे. खोलीच्या दाराशी माणसं बसलेली पाहून बडगे यांचा धीर सुटला. स्फोट झाला, पुढचं काहीच झालं नाही, आणि मदनलालला मागे ठेवून सहाही जण पसार झाले.

म्हणजे पहिल्या रात्रीच पोलिसांच्या ताब्यात कटातला एक माणूस होता. तो बोलतही होता. प्रश्न होता तो काय बोलतो हे समजून घेण्याचा.

‘किरकरी’ आणि एका वर्तमानपत्राचा संपादक

मदनलालने साथीदारांपैकी एकाचं नाव सांगितलं. दिल्ली पोलिसांच्या कागदावर ते उतरलं ‘किरकरी’ असं. दिल्लीच्या पोलिसाचं कामकाज तेव्हा उर्दूत आणि वरचं इंग्रजीत चालायचं. सांगणारा पंजाबी, लिहिणारा पंजाबी, आणि आडनाव करकरे. आपल्यापैकी ज्यांनी कन्नड, हिंदी किंवा तेलुगू कचेरीत आपलं आडनाव लिहून घेताना पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. पण नगर किंवा पुण्याच्या कुठल्याही हवालदाराला ते कागदावरचं नाव दाखवलं असतं, तर त्याने क्षणात दुरुस्त करून दिलं असतं.

दुसरी खूण त्याहून पक्की होती. साथीदारांमध्ये पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा माणूस आहे, असं मदनलालच्या जबाबात होतं. पत्राचं नाव ‘अग्रणी’ किंवा ‘हिंदू राष्ट्रीय’ अशा स्वरूपात आलं. हे त्याने नेमकं कोणत्या दिवशी सांगितलं यावर पुढे बराच वाद झाला, पण २४ जानेवारीच्या सविस्तर जबाबात हा उल्लेख होता याबद्दल वाद नाही. ‘अग्रणी’ हे दैनिक १९४४ मध्ये पुण्यात सुरू झालं. सरकारने जामीन मागितल्यावर ते बंद करून त्याच मंडळींनी ‘हिंदूराष्ट्र’ या नावाने काढलं. संपादक नथुराम विनायक गोडसे, व्यवस्था नारायण दत्तात्रय आपटे यांच्याकडे. हे काही गुपित नव्हतं. वर्तमानपत्रावर संपादकाचं नाव छापावं लागतं, आणि मुंबई सरकारकडे प्रांतातल्या पत्रांची यादी असायचीच. कपूर आयोगाने या यादीचा मुद्दा मुद्दाम नोंदवला आहे. नाव शोधण्यासाठी खबऱ्या लागत नव्हता, नोंदवही उघडायची होती.

तिसरी खूण हॉटेलातली. गोडसे आणि आपटे कॅनॉट प्लेसमधल्या मरिना हॉटेलात ४० नंबरच्या खोलीत ‘एस. देशपांडे’ आणि ‘एम. देशपांडे’ या नावांनी उतरले होते. गडबडीत निघताना धुलाईला दिलेले कपडे मागेच राहिले. त्या कपड्यांवर धोब्याची खूण होती : एन.व्ही.जी. देशपांडे आडनावाच्या माणसाच्या कपड्यावर ‘जी’ कशाला, हा प्रश्न सुचायला हवा होता.

मुंबईत तीच बातमी दुसऱ्या वाटेने

गंमत अशी (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) की ज्या वेळी दिल्लीत ‘किरकरी’ लिहिलं जात होतं, त्याच वेळी मुंबईत खरं नाव सरकारच्या कानावर आलेलं होतं.

मुंबईच्या रुईया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालला निर्वासित म्हणून मदत केली होती. आपली पुस्तकं कमिशनवर विकायला दिली होती. याच मदनलालने जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे येऊन गांधीजींना मारायचा बेत असल्याचं सांगितलं. करकरे यांचीही जैन यांच्याशी गाठ पडली होती. त्या काळात निर्वासित छावण्यांमध्ये संतापाच्या भरात असलं बोलणं रोज ऐकू यायचं. जैन यांना ती बढाई वाटली. २१ जानेवारीच्या पेपरात मदनलालच्या अटकेची बातमी वाचल्यावर मात्र ते हादरले. त्याच दिवशी त्यांनी मुंबईचे पंतप्रधान (मुख्यमंत्र्यांना तेव्हा हाच शब्द होता) बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांची भेट घेतली आणि सगळं सांगितलं.

मोरारजींनी वेळ घालवला नाही. त्या रात्री ते अहमदाबादला निघाले होते. मुंबई सेंट्रल स्टेशनवरच त्यांनी गुप्तचर शाखेचे उपायुक्त जे. डी. नगरवाला यांना बोलावून घेतलं. करकरेंना पकडा, सावरकरांच्या घरावर नजर ठेवा, कटात कोण आहे ते शोधा, असे आदेश दिले. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत सरदार पटेलांनाही सांगितलं.

इथपर्यंत सगळं ठीक. पण माहिती देणाऱ्याचं नाव मोरारजींनी नगरवालांना सांगितलं नाही, कारण जैन यांना जिवाची भीती वाटत होती आणि त्यांनी नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती. परिणाम असा की मदनलालला जवळून ओळखणारा, करकरेंना पाहिलेला साक्षीदार मुंबईतच राहत असताना तपास अधिकाऱ्याने त्याला हत्येपूर्वी एकदाही प्रश्न विचारला नाही. पुढे जैन यांनी या अनुभवावर ‘आय कुड नॉट सेव्ह बापू’ नावाचं पुस्तक लिहिलं.

दोन अधिकारी आले आणि परत गेले

२१ जानेवारीला दिल्ली पोलिसांचे दोन अधिकारी विमानाने मुंबईला आले. २२ ला ते नगरवालांना भेटले. या भेटीत काय बोलणं झालं याची दोन कथनं आहेत. दिल्लीवाल्यांचं म्हणणं : आम्ही मदनलालने सांगितलेलं सगळं, वर्तमानपत्राच्या संपादकाच्या उल्लेखासह, मुंबईला दिलं, पण नगरवालांनी आम्हाला महत्त्व दिलं नाही, शहरात फिरू नका म्हणून सांगितलं. नगरवालांचं म्हणणं : त्यांच्याकडे ‘किरकरी’ या नावापलीकडे काही नव्हतं, आणि ते उघडपणे फिरले असते तर गुन्हेगार सावध झाले असते. कपूर आयोगाने कागदपत्रं तपासून दिल्लीवाल्यांच्या कथनावर विश्वास ठेवलेला नाही. ते काही असो. दोघं अधिकारी २४ तारखेला दिल्लीला परतले, हात हलवत.

नगरवालांनीही हातावर हात ठेवले होते असं नाही. त्यांची माणसं मुंबईभर करकरेंना शोधत होती, संशयितांच्या घरांवर पहारे होते. पण खबऱ्यांकडून आलेल्या गोष्टींवरून त्यांच्या मनात एक वेगळंच चित्र तयार झालं : हा खुनाचा नव्हे, गांधीजींना पळवून नेण्याचा कट आहे, आणि त्यात बरीच माणसं गुंतली आहेत. पंचवीस-तीस वर्षांची नोकरी असलेल्या कोणत्याही पोलिसाला विचारा, तपासात एकदा कल्पना डोक्यात बसली की पुरावा तिच्या मापाने शिवला जातो. खटला चालवणाऱ्यांना आणि आयोगाला या अपहरणाच्या सिद्धांताचं आश्चर्य वाटलं, ते साहजिकच आहे.

त्याच दिवसांत गोडसे आणि आपटे होते कुठे? २० च्या रात्री दिल्लीहून निघून कानपूरमार्गे २३ जानेवारीला ते मुंबईत पोचले होते. म्हणजे ज्या शहरात त्यांच्या साथीदाराला शोधणं चालू होतं त्याच शहरात. आधी आर्य पथिक आश्रम, मग एल्फिन्स्टन अॅनेक्स हॉटेल. नाव नेहमीप्रमाणे खोटं, पण फार लपवलेलं नाही. ठाण्याला जाऊन ते करकरेंना भेटले. यावेळी सात जणांचा लवाजमा नको, एकानेच गोळी झाडायची, असं ठरलं. नीट चालणारं पिस्तूल मात्र जवळ नव्हतं. आणि बडगे, ज्यांचं नाव पोलिसांपर्यंत पोचलेलं होतं, ते पुण्यात स्वतःच्या घरी होते.

रेल्वे आणि विमान

या प्रकरणातला सगळ्यात बोचरा तपशील एका रेल्वे प्रवासाचा आहे.

मुंबई प्रांताच्या सीआयडीचे उपमहानिरीक्षक यू. एच. राणा यांचं कार्यालय पुण्यात. योगायोगाने ते त्या आठवड्यात कामासाठी दिल्लीत होते. ‘अग्रणी’चा संपादक कोण, हे त्यांच्या कार्यालयातून एका फोनने कळण्यासारखं होतं. दिल्ली पोलिसांनी त्यांना २५ जानेवारीला मदनलालचा सविस्तर जबाब दिला. राणा तो घेऊन निघाले. विमानाचा प्रवास त्यांना मानवत नसे, म्हणून रेल्वेने. तीही सरळ नव्हे, अलाहाबादमार्गे. मुंबईला पोचले २७ ला. पुण्याला तार नाही, फोन नाही, आपल्या हाताखालच्या माणसांना दिल्लीला पाठवणं नाही.

२७ जानेवारीच्याच सकाळी गोडसे आणि आपटे ‘एन. विनायकराव’ आणि ‘डी. नारायणराव’ या नावांनी मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. जबाब रेल्वेने मुंबईत आला आणि ज्यांच्याबद्दल तो होता ते त्याच दिवशी विमानाने मुंबईतून गेले.

नावांकडेही पाहा. नथुराम विनायक, नारायण दत्तात्रय. खोटी नावं म्हणून त्यांनी स्वतःचीच नावं उलटसुलट केली होती. प्रवाशांच्या यादीवरून कुणी मराठी माणसाने नजर फिरवली असती तरी थबकला असता. यादीवरून नजर कुणी फिरवलीच नाही.

ग्वाल्हेरचा मुक्काम

दिल्लीत उतरून दोघं त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या गाडीत बसले. रात्री साडेदहाच्या सुमारास ग्वाल्हेर स्टेशन, तिथून टांग्याने डॉ. दत्तात्रय परचुरे यांचं घर. शिंद्यांच्या ग्वाल्हेरातलं मराठी समाजजीवन तेव्हाही जुनं आणि घट्ट होतं. हिंदू महासभेच्या कामातले डॉ. परचुरे तिथले परिचित गृहस्थ. त्यांच्या ओळखीतल्या गंगाधर दंडवते यांच्यामार्फत २८ तारखेला एक पिस्तूल मिळालं, असं सरकार पक्षाने खटल्यात मांडलं : इटालियन बनावटीचं बेरेटा, ९ एमएम, क्रमांक ६०६८२४. त्याच रात्रीच्या गाडीने दोघं परत निघाले आणि २९ ला दिल्लीत पोचले. मुक्काम दिल्ली स्टेशनच्याच विश्रांतिगृहात, खोली नंबर ६. तिथे करकरेही येऊन मिळाले.

ग्वाल्हेर हे तेव्हा संस्थान. दिल्लीचे पोलीस एका हद्दीत, मुंबईचे दुसऱ्या आणि पिस्तूल आलं ते तिसऱ्या. तपासाला तीन सरकारं ओलांडावी लागली असती. कट करणाऱ्यांना फक्त रेल्वेचं तिकीट लागलं.

बिर्ला भवनातला बंदोबस्त या काळात वाढवलेला होता. गणवेशातले आणि साध्या वेशातले पोलीस ठेवले होते. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्याची परवानगी पोलिसांनी मागितली, ती गांधीजींनी नाकारली. ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं आणि पोलिसांनी पुढे तीच सबब सांगितली. पण झडतीशिवायही एक उपाय होता. पुण्या-मुंबईचे, या मंडळींना तोंडाने ओळखणारे चार-दोन पोलीस बोलावून फाटकाशी उभे करणं. ते केलं गेलं नाही.

शुक्रवार, संध्याकाळी पाच सतरा

३० जानेवारीला सरदार पटेलांशी बोलणं लांबल्यामुळे गांधीजींना प्रार्थनेला निघायला उशीर झाला. हिरवळीवरून ते जात असताना नथुराम गोडसे यांनी गर्दीतून पुढे येऊन अगदी जवळून तीन गोळ्या झाडल्या. वेळ ५ वाजून १७ मिनिटं. बिर्ला भवनचे माळी रघू नायक आणि जवळच्या लोकांनी मारेकऱ्याला पकडलं. फिर्याद नंदलाल मेहता यांनी दिली आणि तुघलक रोड पोलीस ठाण्यात ती उर्दूत लिहिली गेली.

मग यंत्रणा ज्या वेगाने हलली तो पाहिला की आधीचे दहा दिवस जास्तच टोचतात. ३१ जानेवारीला बडगे पुण्यात सापडले. त्यांना शोधायला एक दिवससुद्धा लागला नाही. गोपाळ गोडसे ५ फेब्रुवारीला मावळात उक्सणजवळ पकडले गेले, शंकर किस्तय्या ६ ला. परचुरे ग्वाल्हेरात आणि सावरकर मुंबईत ताब्यात घेतले गेले. आपटे आणि करकरे दिल्लीहून मुंबईला परतून हॉटेलं बदलत राहिले. १४ फेब्रुवारीला दोघंही मुंबईच्या अपोलो हॉटेलात सापडले. या वेळी नगरवालांना सगळ्या हद्दी ओलांडून तपास करता यावा म्हणून दिल्ली पोलिसांतलं पदही दिलेलं होतं. हा आदेश २१ जानेवारीला निघू शकला असता.

विम्याच्या दोन पॉलिसी

कटाचं कारण म्हणून पाकिस्तानला देण्याच्या ५५ कोटी रुपयांचा उल्लेख आजही हमखास होतो. तारखा जुळवून पाहिल्या तर तो फार टिकत नाही. ती रक्कम देण्याचा भारत सरकारचा निर्णय जाहीर झाला १५ जानेवारीला. गांधीजींनी उपोषण जाहीर केलं १२ ला, सुरू केलं १३ ला. खटल्यातला पुरावा असा की आपटे यांनी बडगे यांना ‘हिंदूराष्ट्र’च्या कचेरीत नेऊन गनकॉटन, हातबॉम्ब आणि रिव्हॉल्व्हर मागितली १० जानेवारीला. नथुराम गोडसे यांनी आपल्या आयुर्विम्याच्या दोन पॉलिसींवर वारस लावले : २,००० रुपयांच्या पॉलिसीवर १३ जानेवारीला आपटे यांच्या पत्नीचं नाव, ३,००० च्या पॉलिसीवर १४ ला गोपाळ यांच्या पत्नीचं. दोन्ही तारखा १५ च्या आधीच्या आहेत. भाषणं आणि जबाब नंतर लिहिता येतात, पण विमा कंपनीच्या कागदावरची तारीख बदलता येत नाही.

खटला, अपील, फाशी

लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे खटला चालला. बडगे माफीचे साक्षीदार झाले. सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला. नथुराम गोडसे आणि आपटे यांना फाशी. करकरे, गोपाळ गोडसे, मदनलाल, शंकर आणि परचुरे यांना जन्मठेप. सावरकर निर्दोष, कारण माफीच्या साक्षीदाराच्या म्हणण्याला स्वतंत्र पुरावा नव्हता. याच निकालपत्रात न्यायाधीशांनी २० ते ३० जानेवारीमधल्या पोलिसांच्या ढिलाईवर ठपका ठेवला. थोडी तत्परता दाखवली असती तर बहुधा ही घटना टळली असती, असा त्याचा आशय होता.

पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने सिमल्यात अपील ऐकलं आणि २१ जून १९४९ ला परचुरे व शंकर यांना सोडलं. ग्वाल्हेरात नोंदवलेला परचुरे यांचा कबुलीजबाब, जो त्यांनी पुढे नाकारला होता, न्यायालयाने विसंबण्याजोगा मानला नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाला तुरुंगात गोडसे आणि आपटे यांना फाशी दिलं गेलं. आरोपपत्रात आणखी तीन नावं होती, गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा. तिघेही ग्वाल्हेरचे. खटला संपेपर्यंत ते फरारी होते.

अठ्ठेचाळीसची जाळपोळ

हत्येची किंमत मोजली ती या कटाशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनी. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण आहे हे कळल्यावर पुणे, मुंबई, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर हल्ले झाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव यांच्यावर जमावाने हल्ला केला. खेड्यापाड्यांतून असंख्य कुटुंबं घरदार सोडून शहरांकडे गेली आणि बऱ्याच जणांनी परत येऊन वाडा बांधलाच नाही. या विषयावर मराठीत बोललं कमी आणि लिहिलं त्याहून कमी गेलं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही त्यातली ठळक कादंबरी. जुनी माणसं अजूनही ‘अठ्ठेचाळीसची जाळपोळ’ एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात.

सत्यविनायकाची पूजा आणि कपूर आयोग

ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात उद्यान कार्यालयात सत्यविनायकाची पूजा आणि सत्कार झाला. अध्यक्षस्थानी होते टिळकांचे नातू, ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर. त्यांनी भाषणात सांगून टाकलं की नथुरामचा बेत आपल्याला आधीच माहीत होता आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत तो खेरांना कळवलाही होता. वर्तमानपत्रात बातमी आली आणि संसदेत गदारोळ झाला. पूर्वसूचना कुणाकुणाला होती आणि त्यांनी काय केलं, हे तपासायला आधी गोपाळस्वरूप पाठक आणि १९६६ पासून न्या. जीवनलाल कपूर यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने १०१ साक्षीदार तपासले. अहवाल आला १९६९ मध्ये.

तोवर पटेल, खेर, कानिटकर हयात नव्हते. नगरवाला, मोरारजी, जैन यांच्या साक्षी झाल्या. आयोगाने दिल्ली पोलिसांच्या तपासाला, राणांच्या संथ प्रवासाला आणि नगरवालांच्या अपहरणाच्या कल्पनेला, तिन्हींना दोष दिला. सगळी तथ्यं एकत्र घेतली तर सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेला खुनाचा कट याखेरीज दुसरा निष्कर्ष टिकत नाही, असंही अहवालात एका ठिकाणी आहे. सावरकरांचं निधन १९६६ मध्येच झालेलं होतं आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं होतं, त्यामुळे या वाक्यावरचा वाद आजही दोन्ही बाजूंनी जोरात चालतो. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी अहवालाचे जाडजूड खंड उघडले असतील, हा वेगळा प्रश्न. पोलीस तपासाची, तारांची, जबाबांची, कोण कुठल्या गाडीने गेला याची त्यातली पानं राजकारणाच्या पानांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

करकरे नगरला परतले. गोपाळ गोडसे यांचं २००५ मध्ये पुण्यात निधन झालं. बिर्ला भवन सरकारने १९७१ मध्ये विकत घेतलं आणि १५ ऑगस्ट १९७३ पासून ते गांधी स्मृती म्हणून लोकांसाठी खुलं आहे. ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्याला आता तीस जानेवारी मार्ग म्हणतात.